गाडीचं पाल: खान्देशात काय घ्यावं, किती पडतं

चैत्रात धुळ्या-जळगावहून सप्तशृंगीला पायी निघालेल्या मंडळींच्या मागे एक गाडी असतेच. पिकअप, छोटा हत्ती, नाहीतर घरची बोलेरो. शिधा, पाण्याचे जार, दमलेली म्हातारी माणसं तिच्यात. दुपार झाली की गाडी निंबाखाली घ्यायची. निंब नसला तर गाडीच्या कडीपासून दोन बांबूंपर्यंत ताडपत्री ओढायची आणि ऊन उतरेपर्यंत तिच्या सावलीत अंग टाकायचं. सारंगखेड्याच्या यात्रेतही ट्रकच्या फाळक्याला बांधलेली पालं दिसतात. गाडीच्या आधाराने निवारा उभा करणं खान्देशाला कुणी शिकवायला नको.

नवं आहे ते त्याचं दुकानातलं रूप. गाडीच्या छताच्या कडेला लांब पिशवी बसवलेली असते, तिची चेन उघडली की गुंडाळलेलं कापड दोन-अडीच मीटर बाहेर येतं आणि आतूनच निघणाऱ्या दांड्यांवर उभं राहतं. दुकानदार त्याला ऑनिंग म्हणतात, आपल्याकडचे लोक सरळ ‘गाडीचं शेड’ म्हणतात. पाटणादेवी, तोरणमाळ, उनपदेव, पाल गाव अशा ठिकाणी घरची गाडी घेऊन जाणारी कुटुंबं आता ते घ्यायचं का, असं विचारतात. थंडीतल्या शेतावरच्या भरीत पार्ट्यांतही विषय निघतो. प्रश्न नेहमी एकच असतो: किती पडले?

त्याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही, कारण दुकानातली किंमत आणि शेड प्रत्यक्ष उभं राहीपर्यंत खिशातून गेलेले पैसे यांत मोठं अंतर आहे. माझाच हिशेब सांगतो. शेड १४,५०० रुपयांचं होतं. ते बसवायला छतावर आडव्या पट्ट्या लागल्या, त्यांचे ६,८०० झाले. पार्सल लांबलचक, घरपोच आलं नाही, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवरून आणावं लागलं, त्याचे १,२००. पहिल्याच फेरीत कळलं की बाजूचा पडदा नसेल तर दुपारी तीननंतर सावली हातात राहत नाही. म्हणून तो वेगळा मागवला, ४,०००. म्हणजे साडेचौदा हजारांची वस्तू साडेसव्वीस हजारांना पडली. त्यामुळे किंमत विचारताना शेड, पट्ट्या, शेड पट्ट्यांना जोडणाऱ्या कोनपट्ट्या, पडदा, वाहतूक आणि फिटिंग हे सगळं धरूनच विचारावी.

आधी ऊन समजून घ्या

बाहेरच्या देशांतली ही शेडं तिथल्या हवामानासाठी बनतात. आपली गरज वेगळी आहे. जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाखालीच पडते. त्या वेळी कुठलंही आडवं कापड काम देतं. खरी परीक्षा नंतर, साडेतीन ते साडेपाचच्या दरम्यान असते. साडेचारच्या सुमारास सूर्य पश्चिमेला इतका उतरलेला असतो की सहा-साडेसहा फूट उंचीवर बांधलेल्या कापडाची सावली जवळजवळ नऊ फूट पूर्वेला सरकते. शेड पश्चिमेच्या बाजूला उघडलं असेल तर ती सावली गाडीच्या टपावर आणि गाडीपलीकडे पडते, आणि माणसं उन्हात राहतात.

हे टाळायला एक रुपयाही लागत नाही. आपल्याकडे शेड बहुधा गाडीच्या डाव्या बाजूला बसवतात, कारण ती रस्त्याच्या कडेची बाजू. दुपारी मुक्काम करायचा असेल तर गाडीचं तोंड दक्षिणेला करा. डावी बाजू पूर्वेला येते, पश्चिमेचं ऊन गाडीचं अंग अडवतं, आणि गाडीची सावली व कापडाची सावली जवळजवळ एकापुढे एक पडून बसायला चौदा-पंधरा फुटांची जागा मिळते. सकाळी मुक्काम असेल तर तोंड उत्तरेला. मी हे शिकेपर्यंत दोन उन्हाळे गेले, आणि त्या दोन उन्हाळ्यांत मी कापडाला दोष देत होतो.

दुसरी गोष्ट तापलेल्या कापडाची. एकेरी ताडपत्री उन्हात तापते आणि तिची धग खाली डोक्यावर येते. केळीच्या रोपवाटिका आणि शेडनेट आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, त्यामुळे यावरचा इलाज दारातच आहे. कापडाच्या वर वीतभर मोकळी जागा ठेवून ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट ताणायची. ऊन आधी जाळी झेलते, मधून वारा वाहतो, खालचं कापड तितकं तापत नाही. शेडनेट चौरस फुटाला साधारण तीन ते पाच रुपयांत मिळते. दहा बाय आठची जाळी म्हणजे चारशेच्या आत काम. चंदेरी पट्ट्यांची जाळी महाग असते, पण ऊन परत फेकते, म्हणून उन्हाळ्यातच जास्त फिरणाऱ्यांनी ती पाहावी. हजारो रुपयांच्या शेडवर तीन-चारशेंची जाळी टाकायला लोकांना कमीपणा वाटतो, पण उन्हाळ्यात सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो.

कशाला किती

सगळ्यात स्वस्त म्हणजे एचडीपीईची ताडपत्री, दोन बांबू आणि दोर. बारा बाय दहाच्या ताडपत्रीला चौरस फुटाला पाच-सात रुपये धरले तर सातशे-आठशे, बांबू आणि दोर मिळून चार-पाचशे. बाराशे-तेराशेत पाल उभं. तोटे सरळ आहेत: वाऱ्यात फडफडते, खाली उकडतं, आणि आपल्या उन्हात एक-दोन हंगामांत कडा भुरभुरायला लागतात. वर्षातून दोनदा जाणाऱ्याला एवढं पुष्कळ झालं.

त्याच्या वरची पायरी म्हणजे शिवून घेतलेलं सुती कॅनव्हासचं पाल. खान्देशात राहणाऱ्याला मी हेच सुचवीन. धुळे हे मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरच्या महामार्गांचं नाकं आहे. ट्रक आले तशी त्यांच्यामागे बॉडीवाले, हूडवाले आणि ताडपत्री शिवणारे आले. जळगावातही असे कारागीर आहेत. ट्रकचा माल पावसातून कोरडा पोचवायचा हे त्यांचं रोजचं काम, त्यामुळे गाडीचं पाल त्यांना किरकोळ. कॅनव्हास शिलाईसकट चौरस फुटाला तीस ते चाळीस रुपये धरला तर बारा बाय दहाचं पाल ३,६०० ते ४,८०० ला येतं. दोन सरकते पाइप हजार ते दोन हजार, मेखा आणि तणावे सहा-सातशे, बाजूला शेडनेटचा पडदा शिवून पाचशे. सगळं मिळून सहा ते आठ हजार. हे कापड खाली गारवा धरतं आणि फाटलं तर त्याच दुकानात ठिगळ लागतं. मात्र ते जड असतं, भिजलं की आणखी जड होतं, आणि ओलं गुंडाळलं तर बुरशी धरतं.

तयार सरळ शेड, म्हणजे दोन मीटर लांब आणि अडीच मीटर बाहेर येणारं, देशी बनावटीचं किंवा बाहेरून आणून इथे विकलेलं, साधारण बारा ते पंचवीस हजारांत मिळतं. नामांकित परदेशी बनावटीचं याच्या दीडपट-दुप्पट. वर सांगितल्याप्रमाणे त्यात पट्ट्या आणि पडदे धरले की बावीस ते पंचेचाळीस हजार. याचा फायदा एकच, पण मोठा: दोन माणसं पाच मिनिटांत उभं करतात, एकटा माणूसही करू शकतो. रस्त्यात तासाभराचा थांबा असेल तर त्यासाठी कुणी बांबू-दोर काढत नाही, शेड मात्र उघडलं जातं. लहान मुलं किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर या पाच मिनिटांचं मोल मोठं आहे.

बाजू आणि मागची बाजू दोन्ही झाकणारं पंख्यासारखं शेड २७० अंशांचं म्हणून विकतात. पंचेचाळीस हजारांपासून लाखाच्या वर. सावली भरपूर देतं, पण वजन वीस ते तीस किलो, आणि वाऱ्यात त्याचं अंग मोठं. घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी पक्क्या विचारा. एक, ते डाव्या बाजूचं आहे का, कारण अशी शेडं डावी आणि उजवी वेगवेगळी बनतात आणि चुकीचं आलं तर ते उलटं लावता येत नाही. दोन, तुमच्या गाडीचं मागचं दार वर उघडतं की बाजूला. वर उघडणारं दार शेडच्या दांड्यांना अडतं का, ते दुकानात प्रत्यक्ष उघडून पाहा.

छतावरचा तंबू ऐंशी हजारांपासून अडीच लाखांपर्यंत जातो. त्यावर इथे जास्त शब्द खर्च करत नाही. पन्नास ते सत्तर किलो वजन, आणि उन्हाळ्यात तापलेल्या टपावर झोपणं. तोरणमाळला समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून जास्त उंचीवर डिसेंबरात तो छान वाटेल, पण वर्षात अशा रात्री किती? राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि पुण्या-मुंबईत झोपायच्या सोयीच्या गाड्या भाड्याने मिळतात. हौस असेल तर एक-दोन रात्री भाड्याने राहून पाहावं, मगच लाखभर रुपये टपावर चढवावेत.

अर्टिगा, वॅगनआर, ईको अशा गाड्यांना आणखी एक सोपी वाट आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. त्यांचं मागचं दार वर उघडतं, ते स्वतःच छताचं काम करतं. त्याच्यावरून बाहीसारखं चढवायचं कापड तीन ते सात हजारांत तयार मिळतं. हूडवाल्याकडून शिवून घेतलं तर त्याहून कमी. टपाला हात लावायचा नाही, पट्ट्या नाहीत, वजन नाही. शाळेच्या सुट्टीत चौघांनी अजिंठ्याला जाऊन वाटेत डबा खायचा असेल तर एवढंच पुरतं. दाराचे गॅसचे दांडे जुने झाले असतील तर ते आधी बदला, नाहीतर कापडाच्या वजनाने दार डोक्यावर येतं.

आता खरा भागाकार. साडेसव्वीस हजारांचं शेड पाच वर्षं टिकलं आणि वर्षातून चारदाच उघडलं, तर दर वेळेला १,३२५ रुपये पडतात. तेच वर्षातून पंधरा वेळा उघडलं तर साडेतीनशेच्या आसपास. सात हजारांचं शिवलेलं पाल वर्षातून चारदा वापरूनही साडेतीनशेलाच पडतं. आपण वर्षातून किती वेळा खरंच बाहेर पडतो, ते गेल्या वर्षाचं कॅलेंडर काढून मोजा. ठरवलेल्या सहली धरू नका, झालेल्या धरा.

तागडी आणि अंगठा

ताडपत्री घेताना जीएसएम हा शब्द कानावर पडतो. एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. दोनशे जीएसएम सांगून दीडशेची दिली तर डोळ्याला कळत नाही, हाताला थोडं कळतं, तागडीला पक्कं कळतं. बारा बाय पंधरा फुटांची ताडपत्री म्हणजे १६.७ चौरस मीटर. ती २०० जीएसएमची असेल तर वजन तीन किलो तीनशे-साडेतीनशे ग्रॅम भरलं पाहिजे. अडीच किलो भरली तर ती दीडशेचीच. फुटांचा गुणाकार करा, १०.७६ ने भागा, जीएसएमने गुणा. फोनवर अर्ध्या मिनिटाचं काम. आणि दुकानातला काटा समोरच असतो.

कॅनव्हास घेताना तागडीपेक्षा कड महत्त्वाची. धुळ्यात माझं पाल शिवणाऱ्या काकांनी मी कापडाचे थर चाचपत बसलो तेव्हा माझा हात धरून तो कडेवर नेला आणि ते म्हणाले, ‘‘कापड फाटत नही भाऊ, डोया फाटस.’’ डोळा म्हणजे दोर ओवायची रिंग. मग त्यांनी एक जुनी, ट्रकवरून उतरलेली ताडपत्री पसरून दाखवली. मधलं कापड शाबूत होतं. फाटलेल्या होत्या त्या सगळ्या जागा कोपऱ्यांवर आणि रिंगांच्या भोवती, ओढ लागेल त्या दिशेने लांबट उसवलेल्या. माझ्या पालाच्या कडेला त्यांनी कापड दोनदा दुमडून आत दोर भरला, प्रत्येक कोपऱ्यावर तिकोनी तुकडा आतून-बाहेरून लावला, आणि मग पितळी रिंगा ठोकल्या, दर दोन फुटांवर एक. रिंग ठोकून झाली की ते अंगठ्याने ती फिरवून पाहत. फिरली तर काढून दुसरी. ॲल्युमिनियमच्या रिंगा स्वस्त पडतात, पण मला त्यांनी त्या लावू दिल्या नाहीत. दोर भरण्याचे आणि तिकोन्यांचे मिळून साडेचारशे जास्त पडले. आठ हजारांतले ते सगळ्यात योग्य जागी गेलेले पैसे.

तयार शेड घेतानाही नजर तिथेच जाऊ द्या. कापड जाड पॉलिएस्टर आहे की सुती-पॉलिएस्टर मिश्र, किती मिलिमीटर पाणी झेलतं, हे सगळं खोक्यावर लिहिलेलं असतं. दोन हजार मिलिमीटरचं कापड आपल्या पावसाला पुरतं. पण दांड्याला कापड जिथे धरतं ती जागा, सांध्यांचे प्लास्टिकचे तुकडे आणि पिशवीची चेन यांविषयी खोक्यावर काही नसतं, आणि आधी जातात ते हेच. बाहेरून आणलेल्या शेडचे सुटे सांधे मिळतात का, ते पैसे देण्याआधी विचारा. माझ्या पहिल्या शेडचा एक सांधा मोडला तेव्हा विक्रेत्याने नवीन शेड घ्यायला सांगितलं. साठ-सत्तर रुपयांच्या तुकड्यासाठी साडेचौदा हजार. शेवटी औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याने ॲल्युमिनियमचा सांधा करून दिला, चारशे रुपयांत, आणि तो अजून आहे.

आणखी एक. शेड उघडलेलं असताना जेवढं झिजत नाही तेवढं ते बंद पिशवीत, टपावर, पार्किंगच्या उन्हात झिजतं. काळी रेक्झिनची पिशवी वर्षभर तापत राहते. आधी चेनचे दात जातात, मग शिवण. म्हणून हाताने फिरवून सुटतील अशा नटांवर शेड बसवून घ्या आणि सहल झाली की उतरवून घरात ठेवा. फिटिंगवाला नेहमीचे बोल्ट लावू पाहतो. हातनटांचे दोन-तीनशे जास्त द्या.

टप, कायदा आणि वारा

गाडीच्या पुस्तिकेत छतावर किती किलो भार चालेल ते लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांना तो पन्नास ते पंचाहत्तर किलोच्या आसपास असतो, आणि काहींच्या पुस्तिकेत छतावर काही ठेवू नका असंच म्हटलेलं असतं. पट्ट्या, कॅरियर, शेड आणि वर टाकलेली बॅग, सगळं त्यात मोजायचं. छतावर कंपनीनेच दिलेल्या लांब दांड्या म्हणजे रेलिंग पुष्कळ गाड्यांत नुसतं शोभेचं असतं, त्यावर भार चालत नाही. पुस्तिका वाचल्याशिवाय कुणालाही ड्रिल लावू देऊ नका. जुन्या जीप-सुमोच्या छताला पन्हळ असायची, त्यात क्लॅम्प बसायचे, ते काम सोपं होतं.

कायद्याचंही पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील मूळ बनावटीपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक विनापरवाना बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. म्हणून वेल्डिंग करून कायमचं काहीही जोडू नका. काढता-घालता येणारं सामान, आरशांच्या रुंदीच्या आत, आणि चालत्या गाडीत घट्ट बंद. शंका असेल तर जळगावच्या किंवा धुळ्याच्या आरटीओ कार्यालयात फोटो दाखवून विचारून घ्या, फिटिंगवाल्याचं ‘सगळे लावतात’ हे उत्तर चालत नाही.

वाऱ्याकडे खान्देशातल्या माणसाने दुर्लक्ष करू नये. मे-जूनच्या वादळात एका रात्रीत केळीचे बाग आडवे झालेले आपण दर दोन-तीन वर्षांनी पाहतो. साधारण सहा चौरस मीटरच्या शेडवर ताशी साठ किलोमीटरचा वारा अंगावर आला तर शंभर किलोच्या आसपास जोर बसतो. वारा दुप्पट झाला की जोर चौपट. माझं पहिलं शेड गिरणा धरणाच्या पाण्याकाठी संध्याकाळी पाच वाजता उलटलं. वारा वीस मिनिटांचा होता. कोनपट्टी वाकली, सांधा मोडला तो तेव्हाच, आणि दांडा गाडीच्या काचेपासून वीतभरावरून गेला. तणावे बांधले होते, पण मेखा शेडबरोबर आलेल्या होत्या, करंगळीएवढ्या.

आपल्या मातीला त्या चालत नाहीत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली, मेख भेगेत जाते आणि तशीच वर येते. पहिल्या पावसानंतर ती लोण्यासारखी मऊ. लळिंगच्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या मुरमात मेख जातच नाही. भंगार बाजारातून लोखंडी अँगलचे दीड फुटाचे तुकडे घ्या, एका टोकाला वेल्डिंगवाल्याकडून टोक काढून दुसऱ्या टोकाला कडी लावून घ्या. अशी एकेक मेख साठ ते ऐंशी रुपयांना पडते. चार पुरेत. मुरमाच्या जागी रिकामी पोती न्यायची, तिथेच माती-दगड भरून त्यांना दोर बांधायचे. आणि पश्चिमेला आभाळ तांबूस-काळं दिसू लागलं, वारा एकदम पडला, की काही न बघता शेड उतरवायचं. वीज कडकडत असेल तर लोखंडी दांड्यांपाशी कुणी थांबायचं नाही, सगळ्यांनी गाडीत बसून काचा लावायच्या.

पावसात शेडची बाहेरची कड एका कोपऱ्याला फूटभर खाली घ्या. एका चौरस मीटरवर नुसतं सेंटिमीटरभर पाणी साचलं तरी दहा किलो होतात, आणि ते वाढतच जातात.

आगीबद्दल भरीत पार्टीवाल्यांना खास सांगणं. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजताना ठिणग्या उडतात आणि पॉलिएस्टरचं कापड ठिणगीने वितळून त्याला भोक पडतं, सुती कापड धुमसतं. चूल शेडपासून पंधरा-वीस फूट दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. थंडी वाजते म्हणून पडदे चारी बाजूंनी लावून आत कोळशाची शेगडी ठेवणं हा तर जिवाशी खेळ आहे. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि झोपेतच माणूस जातो.

कुठे उभं करायचं

यावल, अनेर धरण आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी लावून मुक्काम करता येत नाही आणि आग पेटवता येत नाही. पाल गावी वनखात्याचं विश्रामगृह आहे, तोरणमाळला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. अशा आवारात विचारून गाडी लावणं सगळ्यात बरं. पाण्याचा मोह असेल तर पावसाळ्यात तापीचं पात्र टाळा. हतनूरच्या धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि वर मध्य प्रदेशात, विदर्भात पाऊस झाला की इथे थेंब नसतानाही ते उघडतात. ओळखीच्या शेतकऱ्याचं शेत, त्याची परवानगी, विहिरीजवळची सपाट जागा आणि बांधावरचं निंबाचं झाड, हा मुक्काम मला अजून सगळ्यात आवडतो. निघताना कचरा बरोबर न्यायचा आणि गाडी पिकाच्या ओळीत घालायची नाही, एवढं पाळलं की पुढच्या वेळेला तोच शेतकरी फोन करतो.

बिल

पक्कं बिल घ्या. त्यावर शेडचं माप, कापड, वजन आणि हमीचा काळ लिहून घ्या, नुसतं ‘शेड १ नग’ असं नको. ऑनलाइन घेताना वस्तू कुठल्या देशात बनली आणि परत घेण्याच्या अटी काय, हे विक्रेत्याने दाखवायलाच हवं. मोठ्या मापाच्या पार्सलचं परतीचं भाडं कुणी भरायचं ते आधी लेखी विचारा, कारण तेच हजार-दीड हजार होतं. पार्सल उघडताना फोनवर सलग चित्रण करा, सगळे दांडे मोजून दाखवा. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तेवढ्यावर भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही तुमच्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागू शकता, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही.

शेवटी निगेचं. सहलीवरून आल्यावर दुसऱ्या दिवशी पाल गच्चीवर दोरीवर टाका, कोरडं दिसत असलं तरी. थंडीतल्या रात्रीचं दव घड्यांमध्ये राहतं. कापडावरची माती ओल्या फडक्याने पुसा, साबण लावू नका, त्याने पाणी अडवणारा थर जातो. दोन्ही बाजू तासभर उन्हात फिरवल्या की सैल घडी करा. दर वेळी घडी वेगळ्या रेषेवर पडू द्या, म्हणजे कापड एकाच जागी चिरत नाही. मेखा वेगळ्या पोत्यात ठेवा. त्या पालात गुंडाळल्या की त्यांचा गंज कापडाला लागतो आणि नेमका तिथूनच पुढच्या वर्षी पाणी गळतं.